विश्लेषण : ६१७४ वर येऊन थांबणारी रीत, देवळालीच्या कापरेकर मास्तरांनी मद्रासच्या परिषदेत काय मांडले?

नांदेड शहराचा पिनकोड ४३१६०१. त्यातले सहा अंक मोठ्याकडून लहानाकडे लावले तर ६४३११० होतात आणि लहानाकडून मोठ्याकडे लावले तर ०११३४६. पहिल्यातून दुसरा वजा केला की ६३१७६४ उरतात. या उत्तरावर पुन्हा तीच क्रिया करा, पुन्हा ६३१७६४ च येतात. आकडा तिथून हलत नाही.

आता बिलोलीचा पिनकोड घ्या, ४३१७१०. पहिल्या वजाबाकीत ७३१७६३ येतात. मग ६४२६५४, ४२०८७६, ८५१७४२, ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२ आणि त्यानंतर परत ६४२६५४. सात आकड्यांचे हे रिंगण कधीच संपत नाही. जिल्हा एक, क्रियाही एक, पण नांदेडचा आकडा पहिल्याच फटक्यात थांबतो आणि बिलोलीचा फिरतच राहतो.

ही क्रिया जगभर ‘कापरेकर रूटीन’ म्हणून ओळखली जाते. कॉम्प्युटरच्या भाषेत सांगायचे तर तो एक अल्गोरिदम आहे, म्हणजे पायरीपायरीने करायची ठरलेली रीत. ती शोधणाऱ्या माणसाकडे कॉम्प्युटर नव्हता, पीएचडी नव्हती, विद्यापीठातली नोकरीही नव्हती. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर होते. १९४६ मध्ये त्यांच्या हाती लागलेली ही गोष्ट त्यांनी १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत मांडली.

कोण होते कापरेकर?

जन्म १७ जानेवारी १९०५, डहाणूचा. आई गेली तेव्हा ते आठ वर्षांचे होते. वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाचा नाद होता. ज्योतिष खरे की खोटे हा वाद बाजूला ठेवला, तरी ज्या घरात पंचांग आणि कुंडल्या मांडल्या जातात तिथल्या मुलाला आकडेमोडीचे भय वाटत नाही, एवढे मान्य करायला हरकत नसावी. शाळा ठाण्यात झाली. १९२३ मध्ये ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात दाखल झाले. १९२७ मध्ये त्यांना स्वतंत्र गणिती लेखनासाठीचे रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले. ज्यांच्या नावाचे हे पारितोषिक, ते रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे केंब्रिजचे पहिले भारतीय सीनियर रँग्लर. त्या काळात महाराष्ट्रातल्या गणिताच्या विद्यार्थ्यासाठी यापेक्षा मोठी शाबासकी क्वचितच असेल.

१९२९ मध्ये बी.एस्सी. झाली आणि शिक्षण तिथेच थांबले. १९३० मध्ये देवळालीच्या शाळेत नोकरी लागली, ती १९६२ पर्यंत. बत्तीस वर्षे एकच गाव आणि हातात खडू.

मद्रासमध्ये त्यांनी नेमके काय सांगितले?

कोणताही चार अंकी आकडा घ्या. अट एकच, चारही अंक सारखे नसावेत. अंक उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या क्रमाने लावा, वजाबाकी करा. उत्तरावर पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात वेळा हे केले की ६१७४ हाती येतो आणि एकदा आला की बदलत नाही, कारण ७६४१ वजा १४६७ म्हणजे ६१७४ च.

कापरेकरांचेच जन्मवर्ष घेऊन पाहू. १९०५ चे अंक लावले की ९५१० वजा ०१५९, उत्तर ९३५१. पुढे ९५३१ वजा १३५९, उत्तर ८१७२. मग ८७२१ वजा १२७८ म्हणजे ७४४३. मग ७४४३ वजा ३४४७, म्हणजे ३९९६. मग ९९६३ वजा ३६९९, ६२६४. मग ६६४२ वजा २४६६, ४१७६. आणि सातव्या पायरीला ७६४१ वजा १४६७, ६१७४. जास्तीत जास्त जेवढ्या पायऱ्या लागू शकतात तेवढ्या या वर्षाला लागतात. गंमत म्हणजे परिषदेचे वर्ष १९४९, त्यालाही बरोबर सातच लागतात. कागद-पेन असेल तर करून बघा.

चौथीतला मुलगाही ही वजाबाकी करील. म्हणूनच परिषदेत बसलेल्या अभ्यासकांपुढे ती मांडायला धाडस लागते. सोपी दिसणारी गोष्ट विद्वानांपुढे ठेवली की पहिला प्रश्न येतो तो ‘बरे, मग पुढे काय?’ असाच.

हे ६१७४ वरच का थांबते?

इथे जादू नाही, साधी बीजगणिती फोड आहे. उतरत्या क्रमातला पहिला अंक चढत्या क्रमात शेवटी जातो. म्हणजे तो एकदा १००० ने गुणला जातो आणि एकदा १ ने, फरक ९९९ चा. मधल्या दोन अंकांचे तसेच, एकदा १००, एकदा १०, फरक ९० चा. त्यामुळे वजाबाकीचे उत्तर दोनच गोष्टींवर ठरते : सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान अंकातला फरक गुणिले ९९९, अधिक मधल्या दोन अंकांतला फरक गुणिले ९०. चार अंक कोणते, याला महत्त्व उरत नाही.

१९०५ मध्ये बाहेरचा फरक ९ आणि मधला ४. म्हणून ८९९१ अधिक ३६०, म्हणजे ९३५१. वर आलेलेच उत्तर.

आता हिशेब असा होतो. बाहेरचा फरक १ ते ९ पैकी काहीही असू शकतो आणि मधला फरक बाहेरच्यापेक्षा मोठा असू शकत नाही. अशा जोड्या मोजल्या तर फक्त ५४ भरतात. ०००० ते ९९९९ या दहा हजार आकड्यांतून चारही अंक सारखे असलेले दहा वगळले की ९,९९० उरतात. हे सगळेच्या सगळे पहिल्या वजाबाकीतच ५४ आकड्यांच्या एका लहानशा खोलीत जाऊन बसतात. पुढचे काम त्या ५४ जणांचा माग काढण्याचे. एका वहीत, एका संध्याकाळी होणारे. त्यांतला प्रत्येक जण ६१७४ कडेच जातो हे तपासले की सिद्धता पूर्ण झाली. यंत्राची गरज नाही.

अल्गोरिदमवर संशोधन करणारे आजही हेच करतात. कोट्यवधी शक्यता समोर असतात, सगळ्या तपासणे अशक्य असते, तेव्हा त्यांतल्या खरोखर वेगळ्या किती आहेत हे आधी शोधायचे. परिषदेत एखादी नवी रीत मांडली गेली की तिला विचारले जाणारे प्रश्नही ठरलेले आहेत : ती थांबते का, किती पायऱ्यांत थांबते, आणि थांबते तेव्हा हाती आलेले उत्तर बरोबर असते का. कापरेकरांच्या रीतीपाशी पहिल्या दोन प्रश्नांची पक्की उत्तरे आहेत.

अंकांची संख्या बदलली की चित्र बदलते. तीन अंकांत सगळे आकडे ४९५ वर थांबतात. दोन अंकांत थांबतच नाहीत, ९, ८१, ६३, २७, ४५ आणि परत ९ असे फिरत राहतात. पाच अंकांत स्थिर आकडा एकही नाही, तीन वेगवेगळी रिंगणे आहेत. सहा अंकांत दोन स्थिर आकडे आहेत, ५४९९४५ आणि ६३१७६४, शिवाय सात आकड्यांचे एक रिंगण. नांदेड आणि बिलोलीचे पिनकोड वेगळ्या वाटांनी गेले ते त्यामुळे. लातूरचा ४१३५१२ हा पिनकोडही बिलोलीच्याच रिंगणात जाऊन अडकतो, फक्त त्याला तिथे पोहोचायला १२ वजाबाक्या लागतात.

त्याच वर्षी अमेरिकेत

१९४९ मध्येच अमेरिकेतल्या एका परिषदेत जॉन फॉन नॉयमन यांनी एक रीत मांडली होती. आधुनिक कॉम्प्युटरची घडण ज्यांच्या नावाने ओळखली जाते तेच हे नॉयमन. त्यांना यंत्राकडून रँडम वाटतील अशा संख्या हव्या होत्या. त्यांची युक्ती अशी : एक आकडा घ्या, त्याचा वर्ग करा, वर्गाच्या मधले अंक उचला, तोच पुढचा आकडा. पुन्हा वर्ग, पुन्हा मधले अंक.

त्यांची अडचण कापरेकरांच्या बरोबर उलटी होती. आकडे सतत बदलत राहावेत, कुठेही अडकू नयेत अशी त्यांची गरज, आणि ते अडकत होते. चार अंकांत ३७९२ घ्या. त्याचा वर्ग १४३७९२६४, मधले चार अंक ३७९२. गाडी जागीच थांबली. नॉयमन यांच्या रीतीत हा दोष ठरतो, कापरेकरांच्या रीतीत तोच शोध ठरतो. एक जगातल्या सर्वांत वजनदार गणितज्ञांपैकी, दुसरे देवळालीचे मास्तर. दोघांची एकमेकांशी तुलना करण्याचे कारण नाही. पण एकच क्रिया पुन्हा पुन्हा केली तर आकडे शेवटी कुठे जातात, हा प्रश्न दोघांपुढे एकाच सुमारास होता, याची नोंद मराठीत तरी व्हायला हवी.

याच प्रश्नाला पुढे मोठे काम मिळाले. १९७५ मध्ये जॉन पोलार्ड यांनी मोठ्या संख्यांचे अवयव पाडण्याची एक पद्धत दिली. तीत एकच क्रिया वारंवार करून आकडे रिंगणात सापडण्याची वाट पाहिली जाते. वाटेचा आकार ग्रीक अक्षर ऱ्होसारखा, म्हणजे आधी एक शेपटी आणि पुढे तिला जोडलेले वेटोळे, म्हणून पद्धतीचे नावही ‘पोलार्ड ऱ्हो’. बिलोलीचा पिनकोड हुबेहूब हाच आकार काढतो. त्याची शेपटी अगदी आखूड आहे, लातूरची लांबलचक.

मग विद्वानांनी त्यांना गंभीरपणे का घेतले नाही?

घेतले नाही हे खरे. बऱ्याच व्यावसायिक गणितज्ञांना कापरेकरांचे काम किरकोळ वाटे. मोठ्या नियतकालिकांची दारे त्यांच्यासाठी फारशी उघडली नाहीत. ६१७४ वरचा त्यांचा लेख न्यूयॉर्कच्या ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’मध्ये १९५५ मध्ये आला, म्हणजे शोध लागल्यानंतर नऊ वर्षांनी. बाकीचे बरेचसे लेखन त्यांनी स्वतःच पुस्तिकांच्या रूपात छापले. प्रकाशक म्हणून स्वतःचे नाव आणि पत्ता देवळालीचा.

टीकेमागचे कारणही समजून घ्यावे लागेल. इंग्लंडचे जी. एच. हार्डी, ज्यांनी रामानुजन यांना केंब्रिजला नेले, त्यांनी १९४० च्या आपल्या पुस्तकात अशाच एका नमुन्यावर शेरा मारला होता. ८७१२ आणि ९८०१ हे दोनच चार अंकी आकडे असे आहेत, जे स्वतःच्या उलट्या रूपाच्या पटीत येतात : ८७१२ म्हणजे चार वेळा २१७८, ९८०१ म्हणजे नऊ वेळा १०८९. हार्डी यांच्या मते असले नमुने वर्तमानपत्राच्या कोड्यांच्या सदराला शोभतात, गणितज्ञाला त्यांत काही सापडत नाही. (वर्तमानपत्राने यावर रागवावे की मान डोलवावी, हा प्रश्न आहेच.)

आक्षेपाचा गाभा असा की, ६१७४ चा गुणधर्म त्या संख्येचा नाही, ती दशमान पद्धतीत लिहिण्याचा आहे. माणसाला दहाऐवजी आठ बोटे असती तर आपण आठाच्या पटीत मोजले असते आणि ६१७४ ला कोणी ओळखले नसते. हा आक्षेप बिनबुडाचा नाही. संख्याशास्त्राला संख्येच्या आतले गुण हवे असतात, तिचे कपडे नव्हेत.

पण हा निकष लावून कापरेकरांना बाहेर बसवणाऱ्यांची एक बाजू सुटली. अल्गोरिदमच्या दृष्टीने पाहिले तर कॉम्प्युटर काम करतो तेच मुळी लिहिलेल्या चिन्हांवर. संख्या त्याच्याकडे अंकांची रांग म्हणून येते. ती रांग लावायची, उलटायची, वजा करायची, आणि शेवट काय होतो ते सिद्ध करायचे, हा संगणकशास्त्रातला अगदी रीतसर प्रश्न आहे. १९४९ मध्ये भारतात हा विषय शिकवणारा विभागच नव्हता. कापरेकरांना चुकीच्या खोलीत उभे करून परीक्षा घेतली गेली, असे म्हणायला जागा आहे.

डोंबिवली आणि देवळालीच्या नावाच्या संख्या

कापरेकर एका आकड्यावर थांबले नाहीत. त्यांनी संख्यांचे अनेक प्रकार शोधले आणि त्यांना नावे दिली, तीही जवळपासची.

एखाद्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. १५ मध्ये १ आणि ५ मिळवले तर २१. म्हणजे १५ ने २१ ला जन्म दिला. पण २० ला असा जन्मदाता सापडत नाही, ३१ ला नाही, ४२ लाही नाही. अशा संख्यांना त्यांनी ‘सेल्फ नंबर’ म्हटले, मराठीत स्वयंभू म्हणता येईल. त्यांचे दुसरे नाव देवळाली संख्या. ११, १११, ११११ यांचे वर्ग १२१, १२३२१, १२३४३२१ असे चढत जाऊन उतरतात. या कुटुंबाला त्यांनी ‘डेम्लो’ म्हटले, कारण ही कल्पना सुचली ती डोंबिवली स्टेशनात. अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या संख्या ‘हर्षद’, म्हणजे आनंद देणाऱ्या. परदेशात त्यांना निव्हन संख्या असेही म्हणतात, पण कापरेकरांचे संस्कृत नाव जगभर टिकून आहे. ६१७४ स्वतः हर्षद आहे : अंकांची बेरीज १८, भागाकार ३४३.

आणि कापरेकर संख्या. ४५ चा वर्ग २०२५. मधोमध तोडा, २० आणि २५, बेरीज पुन्हा ४५. तसेच ५५ आणि ३०२५. तसेच २९७, ज्याचा वर्ग ८८२०९, आणि ८८ अधिक २०९ म्हणजे २९७.

पेन्शन, शिकवण्या आणि १९७५

१९६२ मध्ये ते निवृत्त झाले. १९६६ मध्ये पत्नीचे निधन झाले. पेन्शन पुरत नव्हती, म्हणून उतारवयात गणित आणि विज्ञानाच्या खासगी शिकवण्या घ्याव्या लागल्या. ज्यांच्या नावाच्या संख्यांवर पुढे जगभर लेख लिहिले गेले, ते गृहस्थ साठी उलटल्यावर पोटासाठी त्रैराशिके सोडवून घेत होते. आर्थिक मदत करणारी संस्था, संशोधनासाठीची नेमणूक, यातले काही वेळेवर त्यांच्या वाट्याला आले नाही. ही हळहळ शब्दांनी भरून निघणारी नाही.

मार्च १९७५ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातल्या गणिती करमणुकीच्या सदरात मार्टिन गार्डनर यांनी कापरेकरांवर आणि त्यांच्या स्वयंभू संख्यांवर लिहिले. या सदराचे वाचक जगभर पसरलेले होते, त्यात व्यावसायिक गणितज्ञही होते आणि कॉम्प्युटर चालवणारेही. कापरेकर तेव्हा सत्तर वर्षांचे होते. हार्डी यांनी ज्या प्रकारच्या सदराकडे बोट दाखवून नाक मुरडले होते, तशाच एका सदराने देवळालीचे नाव जगभर नेले. त्यानंतर कापरेकर अकरा वर्षे जगले. १९८६ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांच्या हयातीतच, १९८१ मध्ये, भारतात ‘एफएसटीटीसीएस’ ही सैद्धांतिक संगणकशास्त्राची वार्षिक परिषद सुरू झाली. अल्गोरिदमवरचे नवे संशोधन तिथे मांडले जाते. २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या मणींद्र अगरवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी एखादी संख्या मूळ आहे की नाही हे खात्रीने आणि वेगाने ठरवण्याचा अल्गोरिदम दिला, तेव्हा जगाला धक्का बसला तो त्याच्या साधेपणाचा.

कॉलेजात हा प्रोग्राम चुकतो कुठे?

इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला कापरेकर रूटीनचा प्रोग्राम लिहायला हमखास दिला जातो. दिसायला दहा ओळींचा. उत्तर ६१७४ येईपर्यंत लूप फिरवत राहा, एवढेच. दोन जागी तो फसतो. पहिली जागा २२२२. चारही अंक सारखे, वजाबाकी शून्य, शून्यातून पुन्हा शून्य, आणि लूप कधीच थांबत नाही. कापरेकरांनी घातलेली अट प्रोग्राममध्ये आधी तपासावी लागते.

दुसरी जागा जास्त फसवी आहे. १११२ द्या. २१११ वजा १११२ म्हणजे ९९९. कॉम्प्युटरला हा तीन अंकी आकडा वाटतो, तो ९९९ मधून ९९९ वजा करतो आणि पुन्हा शून्यात अडकतो. पुढचे शून्य लिहून ०९९९ धरले की गाडी सुटते : ९९९० वजा ०९९९ म्हणजे ८९९१, मग ८०८२, मग ८५३२, आणि पाचव्या पायरीला ६१७४.